एका हातची नोंद

उदगीरच्या तुलना केंद्रात भाग्यश्री बिरादार आपल्या जुळ्या लेकरांना घेऊन साडेनऊलाच पोचली. केंद्र दहाला उघडायचं, तरी बाहेरच्या बाकांवर पंधरा-वीस घरं आधीच बसलेली होती. याच इमारतीत पूर्वी प्रवेशपरीक्षांचे क्लास भरायचे. परीक्षा बंद झाल्या, क्लास उठले, आणि भिंतीवरच्या पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोंच्या जागी चौकोनी पांढरे डाग तेवढे उरले होते.

वीरेश मोबाइलवर कसल्याशा जहाजाच्या इंजिनाचं चित्र मोठं करून बघत होता. नीला मांडीवर हात ठेवून सरळ बसली होती. दोघांची बारावी नुकतीच झालेली. नीलाचं पूर्ण नाव नीलांबिका, पण ते फक्त दाखल्यावर.

"घाबरलीस काय गं?" भाग्यश्रीने विचारलं.

"नाही," नीला म्हणाली. "मला माहितंय मला काय पाहिजे ते."

तिला भौतिकशास्त्र पाहिजे होतं, आणि तेही पुण्याच्या विज्ञानसंस्थेतला पाच वर्षांचा सैद्धांतिक अभ्यासक्रम. सातवीत असल्यापासून तिचं हेच चाललं होतं. वीरेशला काही ठरवून सांगता येत नसे, पण बंद पडलेला पंप दिसला की त्याचे हात शिवशिवायचे.

त्यांचा नंबर लागला तेव्हा अकरा वाजून गेले होते. टेबलापलीकडे दीपाली कर्पे नावाच्या अधिकारी होत्या, चाळिशीच्या, आवाज मऊ आणि बोलणं नेमकं. प्रवेशपरीक्षा बंद करणारा नवा कायदा आदल्या वर्षीच लागू झालेला असल्यामुळे त्यांना प्रत्येक घराला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागे.

"पाचवीपासून मुलांना पडद्याची सरकारी पाटी दिली होती ना, घरी अभ्यासाला?" कर्पे म्हणाल्या. "ती पाटी उत्तरं बघत नव्हती, ताई. मूल उत्तरापर्यंत कसं पोचतं ते बघत होती. लेखणी कुठं थांबली, काय खोडलं, चुकलेल्या गणिताकडे मूल परत आलं का, आलं तर किती दिवसांनी. सात-आठ वर्षांत अशा लाखो खुणा जमतात. त्यांतून आम्ही त्या मुलाची छाया तयार करतो. छाया म्हणजे मेंदूची नक्कल नव्हे, सवयींची नक्कल. नवं गणित समोर आलं तर हे मूल काय करेल, एवढंच तिला कळतं."

"आणि मग?" वीरेशने विचारलं.

"मग ती छाया कॉलेजला जाते. प्रत्येक विद्यापीठाने आपला अभ्यासक्रम, व्याख्यानं, प्रयोग, परीक्षा, सगळं यंत्रात भरलंय. तुझी छाया एकेका अभ्यासक्रमातून हजार वेळा जाते. दर वेळी थोडं वेगळं घडतं. कधी आजारपण येतं, कधी शिक्षक चांगला मिळतो. हजारांतून किती वेळा ती शेवटपर्यंत पोचली, तो तुझा आकडा. संस्था म्हणते, आमच्याकडे सातशे लागतात. तुझे सातशे असले की जागा तुझी. बारावीचे टक्के फक्त पास आहेस का एवढ्यापुरतेच."

त्यांनी पडदा फिरवला. वीरेशच्या नावाखाली तीन रकाने होते. पुण्याचं सैद्धांतिक भौतिकशास्त्र, पात्रता सातशे, त्याचा आकडा आठशे एकतीस. नांदेड विद्यापीठाचं भौतिकशास्त्र, पात्रता साडेपाचशे, आकडा आठशे नव्वद. रत्नागिरीचं सागरी अभियांत्रिकी, पात्रता सहाशे, आकडा चारशे दोन.

वीरेशने आधी पडद्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. नीला खाली बघत होती.

"छान आहे की!" कर्पे म्हणाल्या. "इतका आकडा मी या हंगामात दोनदाच पाहिला. हे वर्णन वाचते हं. विद्यार्थी अवघड गणित सोडत नाही. चूक सापडल्यावर तीन-चार दिवसांनी त्याच गणिताकडे परत येतो आणि दुसऱ्या वाटेने सोडवतो. मात्र अभ्यासाच्या सुरुवातीची दहा मिनिटं अत्यंत उतावळी."

नंतर नीलाचा पडदा आला. भौतिकशास्त्र, पुणे, शहाण्णव. नांदेड, एकशे चाळीस. त्याखाली यंत्राने आपणहून सुचवलेले अभ्यासक्रम होते. पोषणशास्त्र, सातशे चौऱ्याहत्तर. परिचारिका पदवी, सातशे चाळीस.

कर्पेंनी एकदा नीलाकडे पाहिलं आणि वर्णन वाचलं. "वाचन संथ, पण चिकाटी भरपूर. एकच उतारा पाच-सहा वेळा वाचण्याची सवय. बालकांचा आहार, वजन-उंचीचे तक्ते यांत विशेष गती. अभ्यासाची वेळ संध्याकाळी साडेसहा ते सव्वाआठ. रोज साडेसातच्या सुमारास वीस मिनिटांचा खंड."

भाग्यश्रीने पडद्यावरचं साडेसात पुन्हा एकदा वाचलं.

साडेसातला तिचा नवरा नागनाथ दूध डेअरीच्या पाळीवर निघायचा. त्याचं ताट वाढायला, डबा भरायला वीस मिनिटं लागायची. ती मुलगी नीला नव्हती. ती भाग्यश्री होती.

झालं होतं ते असं. मुलं सातवीत गेली तेव्हा भाग्यश्री अंगणवाडी सेविका होती आणि पर्यवेक्षिकेची खात्यांतर्गत परीक्षा द्यायचं तिच्या मनात आलं. परीक्षेचं साहित्य पाटीवर उघडायचं. खात्याने दिलेला मोबाइल सारखा बंद पडायचा. घरात दोन पाट्या होत्या. तिने नीलाची घेतली. पहिल्या खेपेला ती नापास झाली, दुसऱ्यांदाही झाली. चौथ्या वर्षी पास झाली आणि सव्वीस अंगणवाड्या तिच्या हाताखाली आल्या. त्यानंतरही अहवाल, प्रशिक्षणं सगळं त्याच पाटीवर चालू राहिलं.

त्या वेळी नीला स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायची. जेवणं झाली की वीरेश आपली पाटी उघडून दहा मिनिटं गणितांशी झटापट करायचा आणि वैतागून ती सतरंजीवर टाकून द्यायचा. मग नीला ती उचलायची आणि तिथून पुढे सुरू करायची. घरच्या अभ्यासाला गुण नव्हते, त्यामुळे कुणाच्या पाटीवर कोण लिहितंय याचं कुणाला काही वाटलं नाही. या खुणांवरून एक दिवस प्रवेश ठरणार आहे, हे तेव्हा सरकारलाही ठाऊक नव्हतं.

कर्पेंनी दोन कागद पुढे सरकवले. "ही नोंद एकाच हातची आहे, असं पालकाने लिहून द्यायचं असतं. यंत्राला दोन हात वेगळे करता येत नाहीत, ते सरासरी काढतं. म्हणून तुमची सही. घरी नेऊन वाचा, सोमवारपर्यंत आणून द्या."

घरी परतताना रिक्षात भाग्यश्री ते कागद मांडीवर धरून वाचत आली.

नागनाथला सगळं कळलं तेव्हा तो पाय धुऊन नुकताच बसला होता. तो डेअरीत बॉयलरवर होता, आणि गोष्टी वेळच्या वेळी उरकण्यावर त्याचा विश्वास होता.

"सही कर की मग," तो म्हणाला. "पुण्याला जागा मिळायली. घरातलं एक तरी लेकरू तिथं जाईल."

"बाबा, ते माझे आकडे नाहीत," वीरेश म्हणाला. "त्यातली पहिली दहा मिनिटं माझी. ती उतावळी लिहिलीत ना, ती."

"तू शिकशील तिथं गेल्यावर."

"पाच वर्षं? मला समीकरण बघितलं की झोप येते. मला रत्नागिरीला जायचंय, तिथं पहिल्याच सहामाहीत इंजिन खोलायला देतात. पण यंत्र म्हणतं मी तिथं टिकणार नाही. का, तर नीलाने कधी पान्हा हातात धरला नाही म्हणून!" तो हसला, पण ते हसणं लगेच विरलं. "मी तिची जागा घेऊन तिथं जाऊन नापास होणार. यात कुणाचं भलं झालं?"

नागनाथने बायकोकडे पाहिलं. "आणि खरं सांगितलं तर काय होतं?"

भाग्यश्रीने तो कागद तीनदा वाचला होता. "दोघांच्याही नोंदी रद्द. लातूरला चाळीस दिवस बसायचं, माणसाच्या देखरेखीखाली, नव्या पाटीवर. त्याच्यावरून नवी छाया. पण तोवर यंदाच्या जागा संपतात. म्हणजे वर्ष गेलं."

"दोघांचंही?"

"दोघांचंही. आणि सरकारी नोकराने विद्यार्थ्याची पाटी कामाला वापरली म्हणून माझी चौकशी."

नागनाथने पाय पुसायचा पंचा घडी करून बाजूला ठेवला. मग हलकेच म्हणाला, "चार वर्षं तू त्या परीक्षेसाठी झिजलीस. ते पण जाणार?"

नीला दाराशी उभी होती. केंद्रातून आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली.

"आई, तू माझीच पाटी का घेतलीस?"

भाग्यश्रीने तोंड उघडलं. मोबाइल बिघडला होता, परीक्षा तोंडावर होती, हे सगळं तिला सांगता आलं असतं. पण मुलीने ते विचारलंच नव्हतं.

"दोन होत्या ना," नीला म्हणाली. "त्याचीही होती. तो तर दहा मिनिटंच वापरायचा. मग माझीच का?"

"मी विचारच केला नाही," भाग्यश्री म्हणाली.

"हो. तेच," नीला म्हणाली आणि आत गेली.

त्या दोन शब्दांनी भाग्यश्रीला जितकं लागलं तितकं चौकशीच्या विचाराने लागलं नव्हतं. सव्वीस गावांत ती बायकांना सांगत हिंडायची, मुलीच्या ताटात आधी वाढा, मुलीचं वजन वेळेवर करा. ते सांगताना तिच्या मनात कधी खोट नसे. आणि तरी एका संध्याकाळी तिचा हात कपाटात गेला तेव्हा तो दोन पाट्यांपैकी एकीवर सहज पडला होता.

शनिवारी ती एकटीच केंद्रावर गेली. कर्पे मॅडम पोळीभाजीचा डबा उघडून बसल्या होत्या, त्यांनी तो झाकला.

"मॅडम, नीलाच्या पाटीवरची ती छाया माझी आहे," भाग्यश्री उभ्याउभ्याच म्हणाली. "आणि वीरेशच्या पाटीवरची तिची."

कर्पेंनी तिला बसायला लावलं, सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच त्यांनी विचारलं, "साडेसातचा खंड कशाचा?"

"मालकांचा डबा."

"तरीच." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ताई, मला त्या दिवशीच शंका आली होती. सतरा वर्षांची पोर वर्षानुवर्षं मुलांच्या वजनाचे तक्ते वाचत बसत नाही. पण मला फक्त तुम्ही लिहून दिलेलं चालतं. एक सांगते. हे लिहून दिलंत की मागं घेता येणार नाही. आणि चाळीस दिवसांची छाया पातळ असते. आठ वर्षांची नोंद एक आकडा देते, चाळीस दिवसांची दोन आकडे देते, खालचा आणि वरचा. संस्था खालचा धरतात. मुलीचं नुकसानच होईल त्यात, खरं असूनही."

"म्हणजे पुणं जाईल?"

"जाऊ शकतं."

"आणि सही केली तर?"

"तर मुलगा पुण्याला जाईल आणि मुलगी पोषणशास्त्राला. कागदावर सगळं सुरळीत."

भाग्यश्रीने पेन मागून घेतलं. अर्ज चार ओळींचा होता. तिला तो लिहायला अर्धा तास लागला, कारण प्रत्येक ओळ ती पुन्हापुन्हा वाचत होती. कर्पेंच्या ते लक्षात आलं असावं; एकच उतारा पाच-सहा वेळा वाचण्याची सवय, हे त्यांनीच वाचून दाखवलं होतं.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. जुलैत आदेश आला, नोंदी रद्द झाल्या. ऑगस्टात जिल्ह्याहून दोन अधिकारी आले, भाग्यश्रीचा जबाब झाला, आणि दिवाळीआधी तिला पर्यवेक्षिकेच्या पदावरून उतरवून परत सेविका केलं. तिच्याच हाताखालची एक मुलगी तिच्या जागी आली. ती पहिल्यांदा रजिस्टर तपासायला आली तेव्हा संकोचाने उभीच राहिली. भाग्यश्रीने तिला खुर्ची दिली आणि वजनाचा तक्ता पुढे ठेवला. "इथली सही राहिलीय, मॅडम," भाग्यश्री म्हणाली. मॅडम हा शब्द दोघींनाही जड गेला.

वीरेश त्या वर्षी पंपदुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला आणि मजेत होता. नागनाथने महिनाभर अबोला धरला, मग तो आपोआप सुटला. नीलाचा मात्र सुटला नाही. ती भांडली नाही, उलट उत्तरं दिली नाहीत. विचारलं तेवढं सांगायची आणि वाचायला बसायची. भाकऱ्या आता भाग्यश्री करायची. पहिल्या दिवशी तिने परात पुढ्यात ओढली तेव्हा नीलाने पाहिलं आणि पुस्तक घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

लातूरची चाळीस दिवसांची कसोटी जानेवारीत सुरू झाली. एका सभागृहात साठ मुलं, त्यांत वीरेश आणि नीलाही, प्रत्येकाच्या पुढ्यात नवी पाटी, मागे फिरणारे निरीक्षक. भाग्यश्री रविवारी भेटायला जायची. पहिल्या दोन रविवारी नीलाने धुतलेले कपडे घेतले आणि आत गेली. तिसऱ्या रविवारी ती पायरीवर बसली.

"त्यांनी बुधवारी एक गणित दिलं," ती म्हणाली. "मला येईना. मी तीन दिवस ते सोडून दुसरंच करत होते. आज सकाळी सुटलं."

"मग?"

"मग काही नाही. सुटलं." तिने कपड्यांची पिशवी मांडीवर ओढली. "आधी मला वाटायचं की मला गणित येतं ते वीरेशच्या पाटीवरच. दुसऱ्याचं हिसकून घेऊन करावं तसं. इथं पाटीवर माझं नाव आहे तर लेखणी पुढं जाईना. दोन दिवस काहीच सुचलं नाही."

भाग्यश्री ऐकत राहिली. सॉरी म्हणण्याचे प्रसंग इतक्या महिन्यांत बरेच आले होते आणि प्रत्येक वेळी ते तिला अपुरं वाटलं होतं. आता तिने म्हटलं, "नीला, माझं चुकलं. तुझी पाटी घाईत घेतली असती तर गोष्ट वेगळी होती. मी सहज घेतली."

नीलाने मान हलवली. होय की नाही ते कळलं नाही. पण निरीक्षकाने घंटा वाजवेपर्यंत ती तिथंच बसली.

मे महिन्यात आकडे आले. कर्पे मॅडमनी या वेळी चौघांनाही बोलावलं होतं, नागनाथ रजा टाकून आला होता.

वीरेशचं सागरी अभियांत्रिकी, सहाशे बारा ते सहाशे नव्वद. पात्रता सहाशे. वीरेशने टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की पेनं खाली पडली. भौतिकशास्त्रात त्याचा आकडा एकशे अठरापासून सुरू होत होता, ते वाचून तो पोट धरून हसला.

नीलाचा पडदा आला. पुणे, सहाशे पंचावन्न ते आठशे साठ. पात्रता सातशे.

"खालचा धरतात," नीला म्हणाली.

"खालचा धरतात," कर्पे म्हणाल्या. "खरं सांगू? मधला आकडा साडेसातशेच्या वर आहे. आठ वर्षांची नोंद तुझ्या नावावर असती तर तू आत होतीस. आणखी एक वर्ष थांबून नोंद वाढवलीस तर खालचा आकडा वर येईल. नांदेड मात्र आजच होतंय. तिथं साडेपाचशे लागतात, तुझा सातशे दहापासून सुरू होतोय."

नागनाथ पुढे झुकला. "थांब बाई एक वर्ष. एक गेलंच आहे, अजून एक."

"दोन्ही अभ्यासक्रम शेजारी शेजारी दाखवता का?" नीलाने विचारलं.

ती पाऊण तास वाचत होती. पुण्याला पहिली दोन वर्षं निव्वळ गणित, प्रयोगशाळा तिसऱ्या वर्षापासून, वर्गात चाळीसच मुलं. नांदेडला वर्गात एकशे वीस, पण पहिल्या दिवसापासून प्रयोग. पुण्याला रसायन नको, नांदेडला दोन सहामाह्या सक्तीचं. पदवीनंतर पुण्याला दोन वर्षांसाठी पुन्हा अर्ज करता येतो, आणि तिथं छाया नाही, मुलाखत आणि केलेलं काम बघतात. हे वाक्य तिने बोट ठेवून वाचलं.

"नांदेड," ती म्हणाली.

"आकडा कमी पडला म्हणून?" भाग्यश्रीने न राहवून विचारलं.

"नाही. अजून एक वर्ष पाटीपुढं बसून मी कशी शिकते ते दाखवत बसायचं नाही मला. मला शिकायचंय."

जुलैत भाग्यश्री तिला सोडायला नांदेडला गेली. प्रवेशाच्या खिडकीवर कागद तपासून झाल्यावर कारकुनाने शेवटचा एक फॉर्म दिला. विद्यार्थ्याची छाया विद्यापीठ पदवी होईपर्यंत सोबत चालवणार, दर महिन्याला पुढचा धोका आधी कळवणार. त्याला संमती हवी होती. वीरेशने रत्नागिरीला ती दिली होती, फोनवर त्याने सांगितलंही होतं, फुकटचा सल्ला कशाला सोडा.

नीलाने फॉर्म वाचला आणि 'नाही'च्या चौकटीत खूण केली.

"अहो, सगळे 'हो' करतात," कारकून म्हणाला. "तिसऱ्या सहामाहीत बरीच मुलं अडकतात. आधी कळलं तर बरं नाही का? मॅडम, तुम्ही सांगा."

भाग्यश्रीच्या मनात आलं, खरंच बरं होईल. आधी कळलं तर हिला त्रास कमी होईल. ते शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. तिने मुलीकडे पाहिलं. नीला तिच्याकडे बघत नव्हती, तरी वाट बघत होती.

"तिने लिहिलंय ना," भाग्यश्री म्हणाली. "तेच ठेवा."

वसतिगृहाची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दोघींनी मिळून गादी वर नेली, बादली नेली, खिडकीला दोरी बांधली. दुसरी मुलगी अजून आली नव्हती, त्यामुळे कुठली खाट घ्यायची यावर नीलाने बराच विचार केला आणि खिडकीजवळची घेतली.

भाग्यश्रीची गाडी चारला होती. साडेतीनला ती उठली.

"आई," नीला म्हणाली, "मला भीती वाटायलीय."

लातूरच्या त्या पायरीनंतर पहिल्यांदाच तिने न विचारता काही सांगितलं होतं. भाग्यश्री परत खाटेवर बसली. चारची गाडी गेली तरी साडेपाचला दुसरी होती.

"कशाची?" तिने विचारलं, आणि नीला सांगू लागली.